मुलांना आपल्या मुलखाची ओळख



आज आपणांपुढे जो विषय मांडायचा आहे तो नवा नाही. आपल्या मुलांना आपल्या देशाची ओळख कशी करून द्यावी, एवढाच तो विषय आहे. देशाची ओळख म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? भिंतीवर टांगलेला नकाशा, त्यावर फिरणारी गुरुजींची छडी, आणि नद्यांची, पर्वतांची, राजांची नावे घोकणारी मुले. नकाशा वाईट नाही, नावेही पाठ असावीत. पण एवढ्याने ओळख होते का? आपल्या शेजारी कोण राहतो, त्याचे नाव काय, हे ठाऊक असणे म्हणजे त्याची ओळख असणे नव्हे. ओळख म्हणजे जाणे-येणे, बोलणे-चालणे, एकमेकांच्या घरचे पाणी पिणे. देशाचेही तसेच आहे. आणि ही गोष्ट मला पुस्तकाने नव्हे, तर माझ्याच एका चुकीने शिकवली. म्हणून ती आधी सांगतो.

चाळीस-बेचाळीस वर्षे झाली असतील. उत्तर कोकणात, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या एका शाळेत मी नवा नवा नोकरीला लागलो होतो. तिसरीचा वर्ग होता. पावसाचे दिवस. धडा होता अन्नाचा. मी मुलांना विचारले, "काल रात्री कोणी काय खाल्लं, सांगा पाहू." कोणी म्हणाले भात, कोणी नाचणीची भाकर, कोणी सुक्या बोंबलांचे कालवण. मी एकेक नाव फळ्यावर लिहीत होतो. मागच्या रांगेत पाड्यावरून येणारा एक वारली मुलगा बसला होता. तो हळूच म्हणाला, "कडूकांद." वर्ग हसला. आणि खरे सांगायचे तर, मंडळी, मीही हसलो. फळ्यावरच्या यादीत कडूकांद मी लिहिला नाही. का, तर तो पुस्तकात नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पंधरा-वीस दिवसांनी हजेरीपटावरच्या रांगेने लागलेल्या फुल्या पाहून मी पाड्यावर गेलो. मुलगा गुरे घेऊन गेला होता. त्याची आई ओट्यावर बसून कांद चिरत होती. पातळ पातळ चकत्या. मी जरा ओशाळूनच विचारले, "बाई, हे कसं करता?" तिने सांगितले. हा कांद तसाच खाल्ला तर घसा धरतो, उलट्या होतात, माणूस आजारी पडतो. म्हणून तो चिरायचा, राख घालून उकडायचा, मग टोपलीत भरून ओहोळाच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायचा. साचलेल्या पाण्यात नाही बरं का, वाहत्याच. सकाळपर्यंत कडूपणा पाण्याबरोबर निघून जातो. मी एक चकती उचलू लागलो तशी ती म्हणाली, "आज नको गुरुजी, आज रातभर पाण्यात राहू दे. उद्या या."

मी परत येताना वाटेत विचार करू लागलो. शंभर वेलींतून हा वेल ओळखायचा, तो केव्हा खणायचा हे जाणायचे, त्यात विष आहे हे ठाऊक असायचे, ते उकळीने, राखेने आणि वाहत्या पाण्याने काढायचे. याला शहरातल्या प्रयोगशाळेत शास्त्र म्हणतात. आणि भाताच्या कणग्या रिकाम्या झालेल्या ऐन पावसाळ्यात याच शास्त्रावर त्या पाड्याने कितीतरी पिढ्या जगवल्या होत्या. तो धडा अन्नाचाच होता. त्या दिवशी वर्गातले सगळ्यांत चांगले उत्तर त्या मुलाने दिले होते, आणि मास्तर हसला होता. तो मुलगा पुन्हा काही शाळेत आला नाही. मी दोनदा गेलो, आईने होही म्हटले. पण तो आला नाही.

तेव्हापासून माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली आहे. ओळख नेहमी दोन्ही बाजूंनी होते. मुलाला देश ओळखीचा व्हावा असे वाटत असेल, तर त्या देशात आपणही आहोत, आपले घर, आपली बोली, आपल्या आईचे शहाणपण आहे, हे त्याला आधी दिसले पाहिजे. ज्या धड्यात आपल्याला जागाच नाही, तो धडा मूल घोकील. पण तो देश त्याला आपला वाटणार नाही.

आता कोणी म्हणेल, हे बोलायला ठीक. पण असे कोणी केले आहे काय? केले आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रात केले आहे. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. त्यापूर्वी तो ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. त्यातल्या डहाणू तालुक्यात समुद्राकाठी बोर्डी नावाचे गाव आहे. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाईंचा जन्म १८९२ चा. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्यांनी बालशिक्षणाचे काम केलेले होते. माँटेसोरी पद्धतीची त्यांना उत्तम जाण होती. पण त्या पद्धतीची साधने महाग, परदेशी धाटणीची. खेड्यात ती आणणार कोण? मग ताराबाईंनी आणि त्यांच्याबरोबर बोर्डीला आलेल्या अनुताई वाघ यांनी काय केले? शिंपले, गोटे, बिया, पाने, माती, काड्या हीच साधने केली. मोजायला शिंपले, लहानमोठे ओळखायला गोटे, आकार आणि रंग ओळखायला पाने आणि फुले. परिसरच वर्गात आला, म्हणजे खरे तर वर्गच परिसरात गेला.

पुढे हे काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. तेथे आणखी एक अडचण उभी राहिली. मुले शाळेत येईनात. कारण विचारले तर साधेच होते. मूल सहा-सात वर्षांचे झाले की गुरे राखायला जाई. लहान भावंडाला कडेवर घेऊन बसे. त्याला शाळेची घंटा ऐकायला सवड कुठली? कोणी दुसरा असता तर म्हणाला असता, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. या दोघींनी तसे म्हटले नाही. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच मुलाकडे जाईल. जेथे गुरे चरत होती त्या कुरणावर शिक्षक गेला, झाडाखाली मुले जमवली, आणि कुरणशाळा सुरू झाली. गुरे चरताहेत, मुले शिकताहेत. लहानग्यांसाठी पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरू लागली, तीच अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हे नाव देशभर गेले. आज गावोगाव आपण जो शब्द सहज उच्चारतो, त्याच्यामागे आपल्या मुलखातल्या एका पाड्याचे अंगण आहे, हे मुलांना अवश्य सांगावे. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. पण त्यांनी घालून दिलेला पाठ अजून जुना झालेला नाही.

बरे, कुरणावर गेलो, अंगणात गेलो. तेथे मुलांना दाखवायचे काय? प्रथम निसर्ग घेऊ.

निसर्गाचा धडा पायाखालून सुरू करावा. आपण ज्या काळ्या कातळावर उभे असतो त्याचीच गोष्ट सांगावी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला आणि पसरला. तो थंड झाला, मग पुन्हा आला, पुन्हा पसरला. असे थरावर थर बसले. म्हणून आपले सह्याद्रीचे डोंगर दुरून पाहिले तर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. घाटातून एस.टी.ने जाताना रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या थरांमध्ये कोठे कोठे तांबडा पट्टा दिसतो. दोन थर साचण्याच्या मधल्या काळात खडकाचा वरचा भाग झिजला, त्याची माती झाली, आणि तिच्यावर नवा लाव्हा येऊन ती भाजून निघाली. तो हा पट्टा. शेतात नांगराला लागणाऱ्या पांढऱ्या चमकदार गारगोट्या मुले हौसेने खिशात भरतात. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत पाण्याबरोबर आलेली खनिजे जमली, त्यांचे हे स्फटिक. मुलाच्या खिशातला दगड कोट्यवधी वर्षांचा आहे असे सांगितले की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो! त्याच कातळाची झीज होऊन आपली काळी जमीन झाली, आणि त्या जमिनीतून आपली भाकर येते. म्हणजे भूगोल थेट ताटापर्यंत आला.

शेतकरी बंधूंनो, या बाबतीत आपण गुरुजींच्या पुढे आहात. जमिनीचे जितके शब्द आपणांजवळ आहेत तितके पुस्तकात नाहीत. मुरूम कोणता, गाळाची जमीन कोणती, वरकस कोणती, पाणी कोठे धरते आणि कोठे धरत नाही. राब का भाजायचा, आवण केव्हा उपटायचे. मृग कोरडा गेला तर काय आणि आर्द्रा लागली तर काय. हे सारे आपण बोलता, पण मुलाला मुद्दाम सांगत नाही. आपल्याला वाटते, यात काय सांगायचे? आणि मुलाला वाटते, बाबा जाणतात ते काही शिक्षण नव्हे. शिक्षण ते शाळेत. ही समजूत आपणच मोडली पाहिजे.

स्वयंपाकघरातही निसर्ग आहे. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात शेवळे येतात. नुसती शिजवली तर तोंडाला खाज सुटते. म्हणून आपल्या आया-बहिणी त्यांत काकडाची आंबट फळे घालतात, खाज जाते. आणि दोन्ही एकाच सुमारास रानात मिळतात. त्याच स्वयंपाकघरात मिरची आहे आणि परसात कोणाच्या चिकू आहे. ही दोन्ही मूळची आपली नव्हेत; अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आली आणि आपलीशी झाली. मिरची तर पोर्तुगीज आल्यानंतरच आपल्याकडे रुजली. ज्या मुलाच्या घरी कडूकांद खातात त्याला आपण हसतो; पण त्या कांदाचा वेल इथल्या रानात मिरचीच्या आधीपासून आहे! एका ताटावरून किती इतिहास सांगता येतो पाहा.

आता इतिहास. मुलांना वाटते, इतिहास दूर कोठेतरी घडला, दिल्लीला किंवा रायगडावर. तेथे तो घडलाच. पण आपल्या गावाच्या वाटेवरही घडला. पश्चिम रेल्वेवरचे नालासोपारा स्टेशन सगळ्यांच्या परिचयाचे. त्या सोपाऱ्यात एक टेकाड होते. लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही त्यांना मिळाला. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हे मोठे बंदर होते आणि पाटलिपुत्राच्या राजाची आज्ञा येथे दगडावर कोरलेली होती. तो तुकडा अशोकाच्या आठव्या लेखाचा आहे. या लेखात राजा सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी यात्रा करीत; मी मात्र धर्मयात्रा करू लागलो. त्या यात्रेत साधुसंतांच्या, वृद्धांच्या भेटी घेऊन दाने द्यायची, आणि जनपदातल्या, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी बोलायचे. शिक्षक बंधूंनो, सहल काढताना हा लेख आठवावा. नुसती मौज करून परतायचे, की वाटेवरच्या माणसांना भेटायचे?

आणि त्या टेकाडाचेही लक्षात ठेवा. त्यात स्तूप आहे हे लोक विसरले होते, पण ती जागा साधी नव्हे, ही आठवण त्यांनी नावात जपली होती. आपल्या गावातही अशी नावे असतात. कोठे 'वाड्याचा माळ', कोठे 'वेताळाचा बांध', कोठे 'जकातीची खिंड'. मुलांना ही नावे गोळा करायला लावा. दहांपैकी आठ नावांमागे काही निघणार नाही, दोनांमागे निघेल.

आता तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट. आपल्या देशात जे आदिवासी समाज राहतात, त्यांची ओळख मुलांना कशी करून द्यायची? २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात त्यांची संख्या एक कोटी पाच लाखांहून अधिक होती. म्हणजे शंभर माणसांत नऊ. भिल्ल, गोंड, महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, कोरकू, पावरा, कोलाम, माडिया गोंड अशी कितीतरी नावे. तेव्हा हे काही दूरदेशीचे लोक नव्हेत. कित्येक शाळांत वर्गातली अर्धी मुले त्यांचीच असतात. आणि तरीही आपण वर्गात 'ते लोक असे राहतात, ते लोक तसे खातात' असे बोलतो. ज्याच्याविषयी बोलतो तो मुलगा समोर बसून ऐकत असतो!

एक वारल्यांचेच उदाहरण घेऊ. वारली चित्र आज सगळीकडे पोहोचले आहे. कपबशांवर, ओढण्यांवर, पाकिटांवर, शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवरही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणूस झाला, हे आता शहरातल्या मुलालाही येते. पण ते चित्र मुळात कशासाठी, हे किती जणांना ठाऊक आहे? वारल्यांच्या घरी लग्न निघाले की घराच्या आतल्या भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात. पाहा, त्यांच्याकडे चित्र काढतात असे न म्हणता लिहितात असे म्हणतात. भिंत शेणामातीने सारवलेली, तिच्यावर गेरूचा हात. तांदूळ वाटून केलेला पांढरा रंग, आणि चावून मऊ केलेली बांबूची काडी हा कुंचला. चौकात पालघट देवी असते. ती झाडापेरांची, धनधान्याची, वाढीची देवी. धवलेरी बाई लग्नाची गाणी म्हणते. हा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ही नुसती शोभा नव्हे. हा विधी आहे, आणि तो बायकांच्या हातचा.

तसाच तारपा. सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. जोड मेणाने बुजवलेले. विकतचे काही नाही. सारे रानातले आणि परसातले. भाताची कापणी झाली की तारपा वाजू लागतो आणि बायकापुरुष एकमेकांना धरून त्याच्याभोवती नाचतात. तारप्याकडे पाठ फिरवायची नाही, अशी रीत आहे. भात पिकले ते कणसरीच्या कृपेने. कणसरी म्हणजे धान्याची देवता. आता सांगा, आपल्या अन्नपूर्णेला ही कणसरी परकी आहे काय?

१९७० नंतरच्या काही वर्षांत चौकातली ही कला भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती मोठ्या योग्यतेला नेली. बायकांच्या विधीतली रेघ घेऊन त्यांनी शेत, जाळे, मुंग्या, पाखरे, माणसांची लगबग असे सारे जगच चितारले. २०११ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली; २०१८ साली ते वारले. हे मुलांना जरूर सांगावे.

पण एवढेच सांगून थांबलो तर ओळख अर्धीच राहील. ज्या भिंतीवर हा चौक लिहिला जाई, त्या भिंतीच्या आत राहणाऱ्या माणसाची दशा काय होती? गेल्या शतकात पंचेचाळीस सालापर्यंत या भागातला वारली जमीनदार-सावकारांकडे वेठीने राबत होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे काढले तर नवरा-बायको दोघेही जन्मभर त्याच्याकडे राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. जे लग्न पालघट देवीसमोर लागे, त्याच लग्नापायी माणूस गुलाम होई! १९४५ साली वारल्यांनी याविरुद्ध मान वर केली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेच्या वतीने त्यांना संघटित केले. त्या साली मे महिन्यात झरी गावी मोठी परिषद भरली, आणि वेठ करणार नाही असा निश्चय तेथे झाला. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती असे पाच जण मेले. पण वेठ मोडली ती मोडलीच. गोदावरीबाईंनी पुढे १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा वृत्तांत लिहिला आहे. तो प्रत्येक शिक्षकाने वाचावा. साऱ्या देशात वेठबिगार कायद्याने बंद व्हायला १९७६ साल उजाडावे लागले.

मुलांना हे सांगावे काय? माझे उत्तर, वयाप्रमाणे सांगावे, पण सांगावे. चित्र सुंदर आहे एवढेच सांगून माणसाचे दुःख झाकणे म्हणजे ओळख नव्हे. तसेच नुसते दुःख सांगून त्याला बिचारा ठरवणेही ओळख नव्हे. तो कलावंत होता, जाणता होता, नाडलेला होता, आणि त्याने स्वतः उठून आपले जोखड फेकले, हे चारही सांगावे. रायगडच्या शिक्षकाने चिरनेरची गोष्ट सांगावी; तेथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, आणि देशासाठी पडलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. कातकरी हे नाव खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले हेही सांगावे. विड्याच्या पानात आपण जो कात खातो, तोच. नगर-नाशिककडच्या शिक्षकाने राघोजी भांगरे यांची गोष्ट सांगावी. महादेव कोळ्यांच्या या पुढाऱ्याला इंग्रजांनी १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. प्रत्येक मुलखाला आपली माणसे आहेत.

आता हे करायचे कसे, ते थोडक्यात सांगतो. यासाठी पैसा लागत नाही आणि वेगळा तासही लागत नाही. परिसर अभ्यास हा विषय आहेच.

पहिली गोष्ट, आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची फेरी. एकच ठिकाण घ्यावे. एखादे झाड, ओहोळाचा काठ किंवा पडकी विहीर. पुन्हा पुन्हा तेथेच जावे, म्हणजे ज्येष्ठातला ओहोळ आणि माघातला ओहोळ यांतला फरक मुले स्वतः पाहतील. वाटेत एक नियम मात्र कडक पाळावा. रानातले कंद-फळ कोणी तोंडात घालायचे नाही. कडूकांदाची हकीकत मी सांगितली ती एवढ्यासाठीही.

दुसरी गोष्ट, फळ्यावर दोन रकाने करावेत. एकात पुस्तकातला शब्द, दुसऱ्यात मुलाच्या घरचा. कोणी वारली बोलतो, कोणी कोकणी, कोणी अहिराणी, कोणी गोंडी. घरचा शब्द चूक नव्हे, तो दुसरा शब्द आहे. मुलाचा शब्द फळ्यावर खडूने लिहिला गेला की त्याची मान ताठ होते. तो मग पुस्तकातला शब्दही लवकर शिकतो.

तिसरी गोष्ट, गावातल्या जाणत्यांना वर्गात बोलवावे. तारपा वाजवणारा बाबा, वैदू, जाळे विणणारा, बियाणे राखणारी आजी. पण त्यांना खुर्ची द्यावी, आणि मुलांनी त्यांना 'गुरुजी', 'बाई' म्हणावे. खेळ करणाऱ्याला बोलवावे तसे बोलवू नये. आणि देवाचा चौक असो की औषधाची मुळी, विचारल्याशिवाय टिपून घेऊ नये. काही गोष्टी घरातच ठेवायच्या असतात, त्याचा मान राखावा.

चौथी गोष्ट जरा स्पष्ट बोलतो. स्नेहसंमेलनात मुलांच्या कमरेला पाने बांधून, तोंडाला काळे फासून, हातात भाला देऊन 'आदिवासी नृत्य' बसवण्याची जी पद्धत आहे, ती बंद करावी. असा आदिवासी आपल्या देशात कोठे राहतो? ज्याचा बाप शर्ट-लुंगी घालून बाजाराला येतो, तो मुलगा हे सोंग पाहून काय समजेल? नाच बसवायचाच असेल तर त्या नाचाच्या माणसांनाच शिकवायला बोलवा.

पाचवी गोष्ट. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातली झाडे, पिकांचे वाण, मासे, पाखरे, औषधी, त्यांची गावठी नावे यांची ती वही. कितीतरी ठिकाणी ती कपाटात पडून असते. मास्तर, सरपंचांना विचारून ती मुलांपुढे उघडा. आपल्या आजीने सांगितलेले भाताच्या वाणाचे नाव सरकारी वहीत उतरलेले पाहणे, याहून मोठा धडा कोणता?

आणि आईबापांना शेवटचे सांगणे. दिवसातून एक गोष्ट मुलाला हाताने दाखवा आणि तिचे नाव सांगा. मूल 'का' म्हणाले तर 'गप बस' म्हणू नका. ठाऊक नसेल तर 'उद्या गुरुजींना विचार' म्हणा. आणि गुरुजी, आपणांस ठाऊक नसेल तर 'घरी विचारून ये' म्हणा. घर आणि शाळा यांच्यामध्ये असा प्रश्न रोज जाऊ-येऊ लागला की देशाची ओळख आपोआप होत जाते.

माझ्या वर्गातला तो मुलगा आता पन्नाशीचा झाला असेल. कदाचित त्याची नातवंडे आज कोठल्यातरी शाळेत तिसरीच्या वर्गात बसत असतील. पाऊस लागला की कोणी गुरुजी, कोणी बाई त्यांना विचारतील, "काल रात्री काय खाल्लं?" त्यांतला कोणी जर म्हणाला, "कडूकांद," तर, शिक्षक बंधुभगिनींनो, हसू नका. खडू उचला, तो शब्द फळ्यावर लिहा, आणि त्याला म्हणा, "बाळ, पुढे ये. हा कांद गोड कसा करतात, ते सगळ्यांना सांग."